मनमोहन सिंग की जिमी कार्टर, कोणाचा वारसा मोठा?

दोघे तीन दिवसांच्या अंतराने गेले (२६ आणि २९ डिसेंबर २०२४), म्हणून तुलना होणारच. माझं मत विचाराल तर सत्तेतल्या कामात सिंग, सत्तेबाहेरच्या कामात कार्टर.

कार्टर चारच वर्षं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिड शांतता करार सोडला तर महागाई आणि इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या प्रकरणाने त्यांना घरी बसवलं. खरं काम त्यानंतरचं. नारू कोणाला आठवतो? पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. भारतातला नारू आपल्याच आरोग्य खात्याने घालवला. पण १९८६मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, ते २०२३मध्ये १४वर आले, त्यामागे कार्टर यांची संस्था होती.

सिंग म्हटलं की सगळे १९९१च्या आर्थिक सुधारणा काढतात. आम्हा खान्देशवाल्यांना आठवतं ते नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला तिथे दिलं गेलं, सिंग स्वतः आले होते. आज रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा उमटला नाही की तिची पिशवी रिकामीच परत जाते, तेही त्याच खात्यात मांडा. रोजगार हमी महाराष्ट्राला जुनीच, २००५च्या कायद्याने ती देशभर गेली. माहिती अधिकारही त्याच वर्षीचा. गंमत म्हणजे पुढे त्यांच्याच सरकारला अडचणीत आणायला तो कामी आला! टू-जी (मोबाइल स्पेक्ट्रम) आणि कोळसा खाणवाटप प्रकरणांत ते फार गप्प राहिले, हे मात्र मी विसरणार नाही.