शिल्पं बघायला निघताय? आधी ऊन बघा

एका दिवसात शिल्पं नि बागा असलेली चार गावं उरकायचा बेत रद्द करा. दोन पुरे, तीही लागून असलेली. शिल्पं बघायची ती सकाळी, नाहीतर उतरत्या उन्हात. सूर्य डोक्यावर आला की उठाव सपाट दिसतो, आणि बागेतली फुलंही तेव्हा मलूल असतात.

पुतळ्याभोवती पूर्ण फेरी मारा. बहुतेक जण समोरून फोटो काढून सटकतात. खरी कारागिरी पाठीमागे, वस्त्राच्या चुण्यांत सापडते. ब्राँझवरचा हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. हवा-पाण्यामुळे ब्राँझमधल्या तांब्यावर तो चढतो आणि सहसा आतल्या धातूला जपतो. जिथे येणारेजाणारे हात फिरवतात, नाकावर, बुटाच्या टोकावर, तिथे मात्र धातू लख्ख पिवळा दिसतो. तुम्ही हात लावू नका, घामातल्या क्षारांनी थर झिजतो. गंजलेलं पोलाद बघूनही नाक मुरडू नका. कॉर्टेन नावाच्या खास पोलादावर गंज मुद्दाम येऊ दिलेला असतो.

चौथऱ्यावरची पाटी शेवटी वाचा. आधी वाचली की डोळे तेवढंच शोधत बसतात. फुलांचे ताटवे हंगामी असतात, तेव्हा बहर आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या.