मेंदूत प्रोटॅक पोहोचवण्यावर पीएचडी करावी का?

तुम्ही लिहिलंय की एम.फार्म. झालंय, हा विषय मिळतोय आणि होणाऱ्या गाईडच्या मते ‘रेणू मोठा आहे, एवढीच अडचण’. मी याच विषयात चौथ्या वर्षाला आहे. एवढीच नाही हो!

नेहमीचं औषध प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम अडवतं. प्रोटॅक हा दोन हातांचा औषधी रेणू: एका हाताने ते प्रथिन धरतो, दुसऱ्या हाताने पेशीतलंच ई-३ लायगेज नावाचं विकर (एन्झाइम). दोघं जवळ आले की लायगेज प्रथिनावर युबिक्विटिन, म्हणजे ‘हे मोडा’ अशी खूण, चिकटवतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. पहिलं प्रोटॅक २००१ सालचं. टाउसारख्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन), औषधाला बसायला नीट खाचच नसलेल्या प्रथिनांसाठी ही युक्ती मोहात पाडते.

पण दोन हात आणि मधला दुवा मिळून वजन सहज ७०० ते १००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) होतं. मेंदूत पोहोचणारी बहुतेक औषधं ४५०च्या आतली. शिवाय मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे फटीतून जायची सोय नाही. पेशीतून जायचं म्हटलं तर दारातच पी-ग्लायकोप्रोटीन हा प्रथिनाचा पंप उभा, आत आलेलं उचलून पुन्हा रक्तात टाकायला. प्रोटॅक हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक.

तरी मी इथे टिकले, कारण एक प्रोटॅक काम झाल्यावर सुटतं आणि पुढचं प्रथिन धरतं. त्यामुळे थोडं पोहोचलं तरी चालू शकतं. अर्विनास कंपनीचं एआरव्ही-१०२ हे प्रोटॅक तोंडावाटे घ्यायचं आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदू-मेरुद्रवात (आपण ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो ते) एलआरआरके-२ हे पार्किन्सनशी जोडलेलं प्रथिन त्याने कमी झाल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं. म्हणजे अशक्य नाही.

माझी खरी झटापट मोजमापाशी झाली. पहिल्या वर्षी पेशींच्या थरातून औषध पलीकडे जातच नव्हतं. मी दुवे बदलत बसले, आठ महिने गेले. मग एका सीनियरने विचारलं, ‘हिशेब जुळतो का गं? जितकं घातलंस तितकं दोन्ही बाजूंना मिळून सापडतं का?’ नव्हतं सापडत. निम्मा माल प्लॅस्टिकच्या प्लेटलाच चिकटून बसला होता! द्रावणात थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घातल्यावर आकडे माणसात आले.

उंदरांच्या बाबतीत उलटी फसगत होते. मेंदू वाटून मोजला की औषध भरपूर दिसतं, पण त्यातलं बरंचसं चरबीत अडकलेलं किंवा केशवाहिन्यांतल्या रक्तातच राहिलेलं असतं. कामाचं असतं ते मोकळं, म्हणजे कशालाच न चिकटलेलं औषध. आणि प्रथिन खरंच घटलं का, हे वेगळं तपासावं लागतं ते लागतंच.

म्हणून हो म्हणण्याआधी गाईडना दोनच गोष्टी विचारा: मोकळं औषध मोजायची सोय लॅबमध्ये आहे का, आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (औषध मोजायचं यंत्र) आठवड्याला किती तास मिळतील. दुसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर मी तरी दुसरी लॅब शोधेन.