वाचकांचे प्रश्न : आधी चढ, मग मार्ग

प्रश्न : कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतोय. नकाशात घाट तर एवढासा दिसतो. चीनने याहून अवघड डोंगरांतून गाड्या नेल्या, मग अडतं कुठे? – एक वाचक, कराड

उत्तर : पैसा आणि मंजुऱ्या बाजूला ठेवू, चढाचंच बोलू. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी, म्हणून एसटी सहज काढते तो चढ मालगाडीला जमत नाही. घाटमाथ्यावरून कोकणात साडेपाचशे मीटर उतरायचं धरा. शंभराला एक, म्हणजे शंभर मीटर अंतरात एक मीटर, असा चढ ठेवला तर 55 किलोमीटर मार्ग लागतो. बोरघाटासारखा सदतिसाला एक ठेवला तर वीस किलोमीटरमध्ये भागतं. पण मग जड गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं आली, उतरताना ब्रेकची तपासणी आली, आणि हा खर्च मार्ग चालू असेतो सुटत नाही.

चीनच्या बाओजी-चेंगडू मार्गावर छिनलिंग डोंगर चढताना हाच पेच होता. सरळ अंतर जेमतेम सहा किलोमीटर, उंचीतला फरक सुमारे 680 मीटर. म्हणजे साधारण नवाला एक चढ. त्यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणं आणि एक इंग्रजी आठाचा आकडा घालून तो टप्पा 27 किलोमीटर लांबवला. तरीही हजार मीटरला सुमारे 30 मीटर चढ उरलाच. वाफेच्या इंजिनांना तो झेपेना. चीनमधली पहिली विजेवरची रेल्वे 1961 मध्ये याच घाटात सुरू झाली, ती हौस म्हणून नव्हे.

वळण घातलं की आणखी एक हिशेब येतो. वळणावर चाकं रुळाला घासतात, म्हणून आपल्या ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक अंशाला (वळण जितकं तीव्र तितके अंश जास्त) चढ 0.04 टक्के कमी करतात. शंभराला एक चढावर चार अंशांचं वळण (त्रिज्या सुमारे 437 मीटर) आलं, तर तिथे चढ 0.84 टक्केच ठेवायचा, म्हणजे 119 ला एक. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

प्रश्न : बोगद्यातून निघणारा दगड किती असतो? – एक वाचक, वाई

उत्तर : एकेरी मार्गाच्या बोगद्याचा छेद 40 चौरस मीटर धरला, तर किलोमीटरला 40 हजार घनमीटर. फुटलेला दगड दीडपट फुगतो : 60 हजार. दहा घनमीटरच्या डंपरच्या सहा हजार खेपा झाल्या. चांगला दगड खडीला आणि भरावाला जातो. उरलेला नाल्यात लोटला तर पहिल्याच पावसात खालच्या शेतात उतरतो. चीनच्या 1970 मध्ये सुरू झालेल्या चेंगडू-कुनमिंग मार्गावर 427 बोगदे आणि 991 पूल आहेत. सपाट जागा इतकी दुर्मीळ, की 41 स्टेशनं पूर्ण किंवा काही भाग बोगद्यात नाहीतर पुलावर बसवली. स्टेशनात उभी गाडी आपोआप घरंगळता कामा नये. आपल्याकडे त्यासाठी चारशेला एकपेक्षा जास्त उतार चालत नाही.

प्रश्न : एवढं भक्कम बांधूनही पावसाळ्यात मार्ग बंद का पडतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : पाणी. सह्याद्रीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी लाल मातीचा थर असतो. तो भिजला की वरचा दगड आधार सोडतो. कटिंगच्या, म्हणजे मार्गासाठी कापलेल्या डोंगराच्या, माथ्यामागे काही मीटरवर पाणी अडवणारं गटार हवं, आणि ते जूनच्या आधी साफ हवं. डोंगर अडवणाऱ्या भिंतीतली पाणी निघायची भोकं मातीने बुजली, तर पाण्याच्या दाबाने भिंतच पुढे येते. भोकांमागे खडी-वाळूचा गाळणथर नसेल तर ती बुजणारच.

नुसता उतार सांभाळूनही भागत नाही. 9 जुलै 1981 ला चेंगडू-कुनमिंग मार्गावर दादू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला, पूल गेला, आणि मागोमाग आलेली प्रवासी गाडी खाली कोसळली. दोनशेहून जास्त माणसं गेली. अशा ओढ्यावर पुराची उंची मोजून थांबू नये. पात्रात खांब न घेता एकाच गाळ्यात ओलांडावं, वर दगड अडवणारे बंधारे घालावेत आणि लोंढा येताच सिग्नल लाल होईल अशी तार ताणावी.

प्रश्न : इंजिन उलटं जोडून घाट चढायची पद्धत चीनमध्येही होती का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : होती. बीजिंग-झांगजियाकौ मार्गावर 1909 मध्ये झान तियानयू यांनी चिंगलोंगछियाओ स्टेशनात ती वापरली. गाडी टोकाला जाते, दिशा बदलते, दुसऱ्या फाट्याने वर चढते. बोरघाटात खंडाळ्याजवळ हे 1863 पासूनच होतं. 1929 मध्ये नव्या बोगद्यांनी ते बंद झालं. टोकाच्या फाट्याच्या लांबीपेक्षा मोठी गाडी त्यात मावत नाही, हीच या युक्तीची मर्यादा.