सायनसचे निदान दिवसांच्या हिशेबावरून

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहते. वय ४२. १२ दिवसांपूर्वी सर्दी झाली. सहाव्या दिवशी बरे वाटू लागले होते. परंतु परवापासून पुन्हा ताप येतो, नाकातून हिरवट शेंबूड येतो, उजवा गाल ठणकतो आणि अंगण झाडायला वाकले की वेदना वाढते. हा सायनसचा संसर्ग असेल का? एक्स-रे काढावा का?

उत्तर : ताई, आपण दिवसांचा हिशेब नीट लिहिलात हे फार चांगले केलेत, कारण या आजाराचे निदान मुख्यतः त्यावरूनच होते. गाल, कपाळ व नाकाच्या मुळाशी असलेल्या हाडांतील पोकळ्यांना सायनस म्हणतात. सर्दीत त्यांची तोंडे सुजून आत स्राव साचतो. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे असतो आणि १० दिवसांच्या आत ओसरू लागतो. १० दिवस उलटूनही उतार न पडणे, सुरुवातीपासून सलग तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप येऊन घट्ट स्राव व चेहऱ्यावर वेदना असणे, अथवा बरे वाटू लागल्यावर दुखणे उलटणे, यांपैकी काही घडले तर जिवाणूंच्या संसर्गाची शंका घेतात. आपले दुखणे उलटले आहे, म्हणून एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे.

रंगावर मात्र विसंबू नये. साध्या सर्दीतही शेंबूड हिरवा होतो, आणि केवळ तेवढ्यावरून घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या जातात याचे मला फार वाईट वाटते. एक्स-रेसाठी कणकवलीपर्यंत खेप घालू नये. साध्या सर्दीतही त्यात पोकळी धुरकट दिसते, त्यामुळे विषाणू की जिवाणू हा भेद कळत नाही. सीटी स्कॅन लागतो तो त्रास १२ आठवड्यांहून अधिक रेंगाळला किंवा गुंतागुंतीची शंका आली तर.

आपला एकच गाल दुखतो, म्हणून त्या बाजूच्या वरच्या दाढाही तपासून घ्याव्यात. त्यांची मुळे गालातील सायनसच्या तळाला लागून असतात आणि किडलेल्या दाढेचा संसर्ग वर चढू शकतो. अशा वेळी स्रावाला बहुधा दुर्गंधी येते.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तिच्या अ‍ॅलर्जीलाही लोक सायनस म्हणतात. परंतु तिच्यात शिंका, खाज आणि पाण्यासारखे नाक असते, ताप नसतो.

डोळ्याभोवती सूज आली, एकाची दोन दिसू लागली, मान ताठली किंवा डोके असह्य दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असेल आणि गाल बधिर झाला किंवा नाकात काळी खपली दिसली, तरीही हेच करावे.