आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या जागांच्या नावांमागे काही लोककथा आहेत का?

आहेत, आणि ढिगाने. मी क्लेअर काउंटीतल्या बरन भागापुरतं सांगतो, तिथे दोन-तीनदा पायी भटकलोय. ‘बरन’चा अर्थच खडकाळ जागा. मैलोन्‌मैल करड्या चुनखडीचे उघडे कातळ.

नकाशावरची नावं वाचून आधी काहीच बोध होत नाही, कारण 19व्या शतकात सरकारी मोजणीवाल्यांनी आयरिश नावं इंग्रजी अक्षरांत बसवली. जॉन ओ'डोनोव्हनसारखा आयरिशचा जाणकार त्यांच्यात होता म्हणून बरं; 1839मध्ये तो इथे फिरला. नाव पुन्हा आयरिशमध्ये फोडलं की गोष्ट सुटी होते. ‘स्लीवनाग्लाशा’ म्हणजे ‘ग्लास’चा डोंगर. ग्लास ही एका लोहाराची गाय. कुठलंही भांडं आणा, ती एका धारेत भरून द्यायची, अगदी कामधेनू म्हणा ना. मग एका बाईने पैज मारली आणि दूध काढायला चाळण घेऊन आली. गाय देत राहिली, दूध गळत राहिलं. त्या दुधाचे सात ओहोळ झाले आणि गाय कायमची गेली. जवळच टीस्का नावाच्या जागी ते सात ओहोळ दाखवतात.

दुसरं नाव ‘बोहर ना मीअस’, ताटांचा रस्ता. कोलमन नावाचा संत गुहेत उपास करत होता. ईस्टरला ग्वेर राजाच्या पंगतीतली भरली ताटं हवेतून उडत त्याच्याकडे निघाली. राजाची माणसं घोड्यांवरून मागे धावली, तर घोड्यांचे पाय कातळाला चिकटले! खुरांचे ठसे म्हणून दाखवतात ते खळगे मला तरी पावसाने झिजवलेले वाटले. संताचा उपाशी चेला मात्र इतका जेवला की मेला. त्याचीही कबर दाखवतात.

एक सावधगिरी. ‘पोलनाब्रोन’ या प्राचीन दगडी थडग्याच्या नावाचा अर्थ बरेच जण ‘दुःखाची खळगी’ असा सांगतात. आयरिशमध्ये ‘ब्रोन’ म्हणजे दुःख हे खरं, आणि 1986पासूनच्या उत्खननात तिथे तिसाहून जास्त माणसांची हाडं सापडली, त्यामुळे तो अर्थ पटकन पटतो. पण इथला ‘ब्रोन’ हे ‘ब्रो’चं षष्ठीचं रूप आहे, आणि ‘ब्रो’ म्हणजे दळायचं जातं. जात्याची खळगी, एवढंच.