दाढेतली चांदी, ताटातली सुरमई आणि तुमचा रिपोर्ट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३१, घर मालवणजवळ, शाळेत असताना चार दाढांत भरलेली चांदी (पारा कालवून केलेलं करडं फिलिंग), आता दुसऱ्या बाळाचा विचार. रक्तात पारा जास्त निघाला म्हणून मुंबईच्या एका दवाखान्याने चारही दाढा एकाच दिवशी उकरून काढायला आणि वर 'डिटॉक्स'चं पॅकेज घ्यायला सांगितलंय. ॲडव्हान्स भरला नसेल तर अजून भरू नका.

मी डॉक्टर नाही. १९९४ पासून २२ वर्षं रत्नागिरीत दातांच्या दवाखान्यात असिस्टंट होते. चांदी कालवणारा हात माझाच. तेव्हा आमच्याकडे तयार कॅप्सूल नव्हत्या. खलात भुकटी घ्यायची, बाटलीतला पारा थेंबाथेंबाने सोडायचा, घोटायचं, मग तो गोळा मलमलीच्या तुकड्यात धरून चिमटीने पिळायचा. जास्तीचा पारा मोत्यांसारखा बाहेर यायचा. ग्लोव्हज नाहीत, काही नाही. रडणाऱ्या पोराला गप्प करायला तो थेंब तळहातावर नाचवून दाखवलाय मी. आता आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणजे पाऱ्याची धास्ती तुमच्यापेक्षा मलाच जास्त हवी. तरीही माझ्या तोंडात एक जुनी चांदी अजून आहे आणि ती मी काढलेली नाही.

आधी तुमचा रिपोर्ट. तुम्ही रक्तातला पारा तपासलाय आणि प्रश्नातच लिहिलंय की घरात रोज मासे, आठवड्यातून दोनतीनदा सुरमई, मोरी (म्हणजे शार्क) मिळाली तर मोरी. गोम इथेच आहे. पारा सगळा एक नसतो. दाढेतून निघते ती धातूच्या पाऱ्याची वाफ. माशातला पारा वेगळा, त्याला मिथाइल मर्क्युरी म्हणतात. पाण्यातले जिवाणू तो बनवतात, तो बारीक जिवांतून छोट्या माशात जातो, छोट्यातून मोठ्यात, आणि दरवेळी त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून शिकार करून जगणाऱ्या, मोठ्या, जास्त वर्षं जगलेल्या माशात तो जास्त: मोरी, मोठी सुरमई. तो मांसातच बसलेला असतो, त्यामुळे कितीही धुवा, आगळ लावा, तळा, तो जात नाही. मासे खाणाऱ्या माणसाच्या रक्ताचा आकडा मुख्यतः हाच पारा दाखवतो. दाढेतल्या चांदीचा अंदाज घ्यायचा तर लघवी तपासावी लागते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे लघवीतल्या पाऱ्याची तपासणी. डबा लॅबने दिलेलाच वापरायचा, घरातली बरणी चालत नाही. सोबत क्रिएटिनिन मागा, म्हणजे पाणी कमीजास्त प्यायल्याचा फरक धरता येतो. आणि कोणी 'आधी ही गोळी घ्या, मग लघवी द्या' म्हणालं तर उठून या. ती गोळी अंगातले धातू ओढून लघवीत आणते, मग आकडा कुणाचाही फुगतो, आणि तो ताडून पाहायचा तक्ता असतो बिनगोळीच्या लोकांचा. घाबरवायला सोपी युक्ती आहे ही.

अमेरिकेत सैनिकांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत चांदीच्या दर दहा पृष्ठभागांमागे लघवीत लिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम पारा वाढलेला दिसला होता. दाढेची वरची बाजू हा एक पृष्ठभाग, बाजूची भिंत हा दुसरा. तुमच्या चार दाढांचे मिळून साधारण सात-आठ धरले, तर वाढ एका मायक्रोग्रॅमच्या आसपासच. लघवीचा आकडा खूपच मोठा आला तर दाढांच्या आधी बाथरूमच्या फळीवर बघा. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा घातलेला असतो, आणि केरळात २०२३ मध्ये अशा क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले होते. औषधांचा डबाही बघा. रससिंदूर, मकरध्वज, आरोग्यवर्धिनी यांत पारा असतोच, तो लपवलेला नाही, औषधाच्या कृतीतच आहे. चांदीला घाबरून आलेल्या एक बाई आमच्याकडे 'शरीरशुद्धी'साठी घेत असलेल्या पुड्या घेऊन आल्या होत्या. पुडीवर घटक वाचले तर पहिलंच नाव शुद्ध पारद, म्हणजे पाराच! आमचे सर, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसले.

मासे सोडू नका. बाळाच्या दृष्टीने मासे चांगलेच. फक्त मोरी आणि मोठी सुरमई बाजूला ठेवा आणि बांगडा, तारल्या (तुमच्याकडचे पेडवे), मांदेली यांवर या. चार दिवस मासे बंद करून पुन्हा रक्त देण्यात अर्थ नाही. हा पारा निम्मा व्हायलाच साधारण ५० दिवस लागतात. श्रावण कडक पाळत असाल तर त्याच्या शेवटी रक्त द्या, उतार दिसेल.

आता चांदी. वजनाने जवळजवळ निम्मा पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. घट्ट झाल्यावरही चावताना, रात्री दात खाताना, गरम चहाने थोडी वाफ सुटते, हे खरं आहे. पण ती किती आणि त्याने होतं काय, हा प्रश्न आहे. २००६ साली लिस्बन आणि अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या मुलांच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अर्ध्या मुलांना चांदी, अर्ध्यांना दुसरं फिलिंग, आणि पाच ते सात वर्षं पाठपुरावा. लघवीतला पारा चांदीवाल्यांत वाढला, पण बुद्धी, स्मरण, हालचाली यांत फरक सापडला नाही. तरी सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की गरोदर, गरोदर राहू इच्छिणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मेंदूचे वा मूत्रपिंडाचे आजार असलेले यांच्यात शक्यतो नवीन चांदी भरू नका. त्याच सूचनेत पुढे आहे की चांगल्या अवस्थेतली जुनी चांदी वैद्यकीय कारण नसताना काढू नका. तुम्हाला जो व्हिडिओ आल्याचं लिहिलंय, त्यात पहिला भाग आहे, दुसरा कापलाय.

'मग युरोपात बंदी कशी?' असं तुमच्या यजमानांनी विचारलंय. बंदी आहे, १ जानेवारी २०२५ पासून. नॉर्वे-स्वीडनमध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासून. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत २०१८ पासून आहे, आता २०३४ पर्यंत चांदी पूर्ण थांबवायचं ठरलंय. पण या सगळ्यामागे मोठी काळजी गटारात, पाण्यात आणि स्मशानाच्या धुरात जाणाऱ्या पाऱ्याची आहे. नवीन वापरू नका आणि जुनी उपटून काढा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण सगळ्यात जास्त वाफ आणि पूड उडते ती काढताना. एअरोटरच्या (दात कोरायच्या यंत्राच्या) वेगाने चांदी तापते, वाफ होते, ती श्वासातून जाते, आणि श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के अंगात राहते. उलट घट्ट तुकडा चुकून गिळला तर जवळजवळ सगळा शौचावाटे निघून जातो. लोक नेमके गिळण्याला घाबरतात.

मग काढायची कधी? चांदीखाली कीड शिरली असेल, कड तुटली असेल, दाढेला चीर गेली असेल तेव्हा. किंवा चांदीला टेकणाऱ्या गालावर पांढरी जाळी उठली असेल तेव्हा. हे शेवटचं माझंच. २०१३ साली उजव्या गालाच्या आत पांढऱ्या रेघा आणि तिखट लागलं की आग. आधी वाटलं तिरफळं जास्त झाली असतील. सरांनी चांदी काढून साधं फिलिंग केलं, तीनेक महिन्यांत रेघा गेल्या. दर जाळीचं कारण चांदीच असतं असं नाही, म्हणून आधी दाखवून खात्री करायची. हिरडीवर नुसता निळसर-काळा डाग असेल तर तो बहुतेक वेळा चांदीचा कण रुतलेला असतो. एक्स-रेत बघून घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

माझी दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. २००९ मध्ये लेकीकडे मुंबईला असताना एका झकपक दवाखान्यात 'काळी दिसते, पांढरी करून घ्या' म्हणाले आणि मी, इतकी वर्षं या कामात असूनही, खुर्चीत बसले. दाढेभोवती रबरी पडदा नाही, पाणी नावाला, सक्शन म्हणजे लाळेची ती बारीक वाकडी नळी. छातीवरच्या कागदावर करडी पूड पडलेली मी स्वतः पाहिली. दोन दिवस तोंडात नाणं चघळल्यासारखी चव. आणि चांदी निघताना दाढेची चांगली भिंतही गेली, सहा आठवड्यांत रूट कॅनल. चांदी ज्या दाढेत २० वर्षं शांत बसली होती ती दाढ 'सुंदर' करताना मेली. तुमच्या चार दाढांचं हेच सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं, पाऱ्याचं नव्हे.

काढायचं कारण खरंच निघालं तर तुमच्या बाबतीत दिवस राहण्याआधी काढा. दिवस गेल्यावर किंवा मूल अंगावर पीत असताना, कळ असह्य झाल्याशिवाय हात लावायचा नाही. काढल्यावर पारा आधी थोडा चढतो, मग उतरतो. दाढेतला पारा शरीरातून निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे मधे काही महिने जाऊ देणं शहाणपणाचं. किती, ते तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोला.

काम कसं व्हायला हवं ते सांगते, कारण खुर्चीत पडल्यावर विचारायचं सुचत नाही.

रबर डॅम हवाच. दाढेभोवती ताणून लावलेला रबरी पडदा, फक्त दाढ वर येते. पूड घशात जात नाही आणि नंतरचं पांढरं फिलिंगही कोरड्यात नीट चिकटतं, म्हणजे तो एरवीही फायद्याचाच. पडद्याखाली लाळेची नळी, पडद्यावर दाढेला अगदी टेकून जाड तोंडाचं मोठं सक्शन. ते धरायला दुसरा माणूस लागतो. डॉक्टर एकटेच असतील तर काम नीट होत नाही, हे मी दुसरा माणूस म्हणून सांगते. बर, म्हणजे कोरायच्या यंत्राचं फिरतं टोक, नवा, धारदार. पाण्याचा फवारा भरपूर. आणि चांदी किसायची नाही. तिला आडवे-उभे छेद देऊन तीनचार तुकडे करायचे आणि हत्याराने उचकून काढायचे. चांगला हात असेल तर बर फिरतो तो मिनिट-दोन मिनिटं. नाकावर ऑक्सिजन किंवा बाहेरची हवा दिली तर उत्तम, नाहीतर निदान खिडकी उघडी. एसीची बंद खोली नको. एका वेळी एक दाढ, फार तर एका बाजूच्या दोन शेजारच्या. चारही एकदम कशासाठी?

आणि कोकणातली खास गोष्ट: सकाळची वेळ घ्या आणि जनरेटर आहे का विचारा. आमच्याकडे जुलैत अर्धी चांदी कापून झाल्यावर लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर दिवा लागला, सक्शन बंद. बाई तोंड उघडं ठेवून पाऊण तास पडून होत्या.

तुकडे कुठे टाकता, हेही विचारा. घट्ट झाकणाच्या बरणीत जमवून वेगळ्या कचऱ्यात द्यायला हवेत. बेसिनमध्ये नाही, जाळायच्या पिशवीत तर मुळीच नाही. आम्ही १९९० च्या दशकात बेसिनमध्येच सोडायचो. बेसिन गटारात, गटार खाडीत, आणि पुढचा प्रवास वर लिहिलाच आहे. ज्यांच्याकडे ती बरणी असते ते डॉक्टर बाकीचंही नीट करतात, हा माझा अनुभव.

काम झाल्यावर पडदा काढण्याआधी धुवायचं, मग चूळ भरून थुंकायचं, तोंड पुसायचं. बस. कोळशाच्या गोळ्या कोणी दिल्या तर लक्षात ठेवा, कोळसा इतर औषधंही शोषतो, गर्भनिरोधक गोळीसुद्धा. क्लोरेलाचा (शेवाळाच्या गोळ्यांचा) उपयोग सिद्ध झालेला नाही. आणि धातू ओढणारी सलाईन मुळीच घेऊ नका. चुकीचं औषध दिल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळून माणसं दगावली आहेत. ते औषध खऱ्या विषबाधेसाठी, हॉस्पिटलात द्यायचं असतं, पॅकेजमध्ये नव्हे.

तर आता मुंबईचं ॲडव्हान्स राहू द्या. लघवीची तपासणी करा, आणि तुमच्याकडच्याच, कुडाळ-सावंतवाडीच्या एखाद्या डॉक्टरांकडून चारही दाढांचा एक्स-रे काढून 'चांदीखाली कीड आहे का' एवढंच विचारा. अपॉइंटमेंटच्या फोनवर पहिला प्रश्न रबर डॅमचा. 'वापरतो, पण वेळ थोडा जास्त लागेल' म्हणाले तर जा. 'तो कशाला हवा?' असं आलं, तर दुसरा नंबर फिरवा. रिपोर्ट आल्यावर नाव झाकून इथेच टाका, एकक कोणतं आहे ते कापू नका. मागच्या वेळी एकाने नुसता आकडा टाकला होता आणि आम्ही दोन दिवस भांडत होतो.