वाचकांचे प्रश्न: आर्क सूट घातला की शॉक लागत नाही का?

प्रश्न: सर, मी पॅनल मेंटेनन्सला आहे. आता आम्हाला जाडजूड सूट आणि तोंडावर येणारी शील्ड मिळालीये, सूटच्या लेबलवर ८ कॅल असं काहीतरी छापलंय. त्याचा अर्थ काय? आणि हे घातलं की लाइव्ह पॅनलमध्ये हात घालायला हरकत नाही ना, सुपरवायझर म्हणतो बिनधास्त जा.

उत्तर: बिनधास्त अजिबात जाऊ नका, आणि सुपरवायझरलाही हे वाचायला द्या. तो सूट शॉकसाठी नाहीच मुळी, तो भाजू नये म्हणून आहे. पॅनलमध्ये शॉर्ट होऊन जो भडका उडतो, म्हणजे आर्क फ्लॅश, त्याचं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं आणि सगळा खेळ सेकंदाच्या आत संपतो, मागे सरकायलाही वेळ नसतो. उघड्या कातडीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण १.२ कॅलरी उष्णता बसली तरी फोड येतील इतकं भाजतं. आता ८ कॅलचं गणित बघा, तेवढी उष्णता आली तर सूटच्या आत तसं भाजण्याची शक्यता ५० टक्के धरलेली असते. म्हणजे ८ ही काही गॅरंटी नाही हो! पॅनलवरच्या स्टिकरवर जो कॅलरीचा आकडा असतो तो आधी वाचा, तो १२ असेल तर ८ चा सूट घालून तिथे उभंच राहायचं नाही.

शॉकपासून वाचवतात ते रबरी ग्लोव्हज. क्लास ० वाले १,००० व्होल्ट एसीपर्यंत चालतात, क्लास ०० वाले फक्त ५०० पर्यंत, आणि वरून चामड्याचे ग्लोव्हज हवेतच, नाहीतर पत्र्याच्या एखाद्या कडेने रबराला बारीक चीर जाते आणि ती दिसतही नाही. म्हणून दरवेळी घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत हवा आत कोंडायची, बोटं टम्म फुगली की गालाजवळ धरून बघायचं, फुस्स झालं किंवा वारा लागला की ग्लोव्ह बाद. मग उलटा करून परत तेच. टेस्टची तारीखही बघा, वापरातल्या जोडीची दर ६ महिन्यांनी लॅब टेस्ट करायचा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात.

आणि खरं सांगू, हे सगळं नंतरचं. आधी मेन बंद, त्याला लॉक, मग सप्लाय खरंच गेलाय का ते टेस्टरने बघायचं, आणि ते बघेपर्यंत पॅनल लाइव्हच समजायचं, त्यामुळे तेव्हाही सूट ग्लोव्हज अंगावर पाहिजेतच.

प्रश्न: सूटमध्ये फार उकडतं, आतून जिमचा ड्राय फिट टीशर्ट घातला तर चालेल का?

उत्तर: नाही. तो बहुतेक पॉलिस्टरचा असतो, अडीचशे अंशांच्या जरा पुढे गेला की वितळतो आणि कातडीला चिकटतो, मग डॉक्टरला तो सोलून काढावा लागतो. आतून साधं सुती बनियन घाला, इलॅस्टिकच्या पट्टीपुरतं सिंथेटिक चालतं. फक्त सुती चालतं म्हणून सूटऐवजी सुती शर्ट घालू नका, साधं कॉटन वितळत नसलं तरी पेटतं आणि पेटतच राहतं. आणि उकडतंय म्हणून बाह्या दुमडायच्या, चेन अर्धी उघडी ठेवायची, हे तर नकोच.

प्रश्न: आमच्या ह्यांचा सूट मीच घरी धुते, कडक होतो म्हणून सॉफ्टनर घातलं तर?

उत्तर: नको ताई. सॉफ्टनरचा थर कापडावर राहतो आणि तो स्वतःच पेट घेतो. ब्लीचही नको. साधी पावडर घ्या, लेबलवर लिहिलंय तसं धुवा. फाटलं तर घरातल्या दोऱ्याने शिवू नका, तो दोरा बहुधा पॉलिस्टरचाच असतो. ग्रीसचा डाग मात्र धुऊनही गेला नाही तर ह्यांना सांगा, स्टोअरमधून दुसरा सूट मागून घ्या.